खिळा लागला म्हणालीस

आई, परवा दमणला गुडघाभर पाण्यात उभी होते आणि वाळूत दडलेल्या पाकट माशानं घोट्यात शेपटीचा काटा मारला. कसली कळ गं! अख्खा पाय पेटला. नातवंडांसमोर गुरासारखी ओरडले. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी बादलीभर गरम पाणी मागवलं. "आधी चांगला पाय घालून बघा, सोसवेल इतकंच गरम हवं," म्हणाले. दुखरा पाय बुडवला आणि हळूहळू ठणका उतरला. मग काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना, म्हणून फोटो काढला, जखम धुतली. मी रडतच होते. त्यांना वाटलं, दुखतंय. मला तू आठवत होतीस. नुसतं गरम पाणी, आई! आपल्या बंबात रोज असायचं.

गोरव्याच्या त्या भाड्याच्या घरात आपण खाली, वर घरमालकीण बा, कांद्यालाही न शिवणाऱ्या. मासे खाणाऱ्यांना कोण घर देतंय, म्हणून तू "आम्ही शाकाहारी" असं ठोकून दिलं होतंस. तरी रविवारी मेथीच्या जुड्यांखालून मासे यायचेच. खिडकी बंद, उदबत्त्या पेटलेल्या. बाबा हसायचे, "मांजर डोळे मिटून दूध पितंय." त्या रविवारी बाजारात कुणी ओळखीचं दिसलं, आणि पाकटाची शेपटी तोडून घ्यायलाही तू थांबली नाहीस. घरी त्या मेलेल्या माशाचा काटा तुझ्या बोटात घुसला. तोंडात पदर कोंबलास तरी किंकाळी वर गेलीच. बा बर्फ घेऊन धावत आल्या, मी मासा परातीखाली झाकला. "शुं वाग्युं, बेन?" तू म्हणालीस, "खिळा."

गल्लीतल्या डॉक्टरांनाही खिळाच सांगितलास. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन पट्टी बांधली. बोट सुजलं, काळं पडू लागलं, ताप चढला. खरं सांग म्हटलं तर माझ्यावरच खेकसलीस, "बोट गेलं तर नऊ उरतील. घर गेलं तर जायचं कुठं?" बाबा नंदेसरीला कारखान्यात पाळीवर, म्हणून बांनीच तुला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. सर्जननी विचारलं, कशानं झालं? तू तोंड उघडायच्या आत बा म्हणाल्या, "साहेब, माछलीनो कांटो छे. दर रविवारे वास तो उपर आवे ज छे ने!" मग तुझ्याकडे वळून, "हवे रडवानुं बंध कर, पगली. घर क्यांय नथी जतुं."

सडलेलं मांस कापून त्यांनी करवतीसारख्या दातांचा काट्याचा तुकडा बाहेर काढला. जखम शिवली नाही, उघडीच ठेवून रोज धुवायची. भरायला फार दिवस लागले. बोट वाचलं, वाकडं राहिलं. माझी वेणी घालताना ते मानेला टोचायचं. मला फार आवडायचं ते, तुला कधी बोलले नाही. आणि रविवारी वरून बांची हाक, "बेन, बारी उघाड, गूंगळाई जईश!" गुदमरशील म्हणायच्या. तू खिडकी उघडायचीस, पण बोटभरच.

तू गेल्यावर हा कागद कुठं टाकणार? तुझ्या साडीच्या घडीत ठेवते. एक तेवढं राहिलं. जखम बघून डॉक्टरांनी ओळखलंच होतं, तरी मला विचारलं, काय लागलं? भोवती सगळी माझीच माणसं, घर माझ्या नावावर, लपवायचं काही नाही. तरी आई, समुद्रातून आलेली ओलीचिंब मी म्हणाले, "खिळा."