घोंगडीतला बर्फ

सोमवार, १० नोव्हें.

दिवाळीनंतर सातवीचा पहिला तास. धडा उष्णतेचा. मुलं सुस्त, मीही. विज्ञानाचे सर बदलून गेल्यापासून तासिकेवर शिकवतेय खरी, पण शिकवताना अर्धं मन लिहायला घेतलेल्या कादंबरीत असतं.

पुस्तक मिटून सहज विचारलं, "बर्फाचे दोन सारखे तुकडे. एक उघड्या डिशमध्ये, एक घोंगडीत गुंडाळून. आधी कुठला वितळेल?"

सगळा वर्ग एका सुरात, "घोंगडीतला!"

रिद्धी उभी राहिली. तिच्या आजोबांचं पेठेत कापडाचं दुकान. "बाई, आम्ही ब्लँकेटं विकतो. गरम कपडा आहे तो. बर्फ कसा टिकेल?"

आणि मागच्या बाकावरून: "नाय बाई. घोंगडीतला ऱ्हाईल."

काजल. जूनपासून हजेरीशिवाय तिचा आवाज ऐकला नव्हता. घरची मेंढरं आहेत, धरणाच्या अंगाला शेतात वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, उतरलाय त्यांचा.

"कशावरून?"

"आई पाण्याचा कॅन घोंगडीत गुंडाळती. दुपारपत्तुर लई गार ऱ्हातं."

वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, "मग बर्फाला थंडी वाजत असंल!" काजल खाली बसली. मी म्हटलं, करूनच बघू. आणि घरी येईपर्यंत चालत नव्हते, उड्याच मारत होते जवळजवळ. चव्वेचाळिसाव्या वर्षी.

मंगळ. ११

मी स्वतः सातवीत "लोकर उष्णतेची दुर्वाहक" हे पाठ केलं होतं. पैकीच्या पैकी मार्क. काजलचं बरोबर आहे, हे मला त्या वाक्यामुळे माहीत आहे. तिला कॅनमुळे माहीत आहे. यातलं खरं माहीत असणं कुठलं?

हेडसरांना सांगितलं. ते म्हणाले, चांगलं झालं तर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला हाच प्रयोग पाठवू. फक्त मांडणारी मुलगी धीट हवी.

संध्याकाळी येडगावला धरणावर गेले. मासळी नेणाऱ्या टेम्पोत बर्फाच्या लाद्या असतात. टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, बर्फाला घोंगडी पांघरून झोपवणार व्हय? अंगाईबी म्हणा मग." उद्या दुपारी लादीचा तुकडा देतो म्हणाला. पैसे घेणार नाही, निकाल सांगायचा.

बुध. १२

काय झालं हे!

खिचडीच्या सुट्टीत काजल पळत वाड्यावर गेली, आईकडून घोंगडी घेऊन धापा टाकत आली. काळी, जाड, मेंढीच्या वासाची. हातात घेतली तर कशी उबदार! गालाला लावावीशी वाटली, लावलीही. लोकरच ती.

दोन सारखे तुकडे. एक स्टीलच्या डिशमध्ये. दुसरा डब्यात, डबा घोंगडीत. गुंडाळायचं काम काजलचं, अशी घट्ट घडी मला जमली नसती. रिद्धीकडे घड्याळ. पाऊण तासाने उघडलं.

डिशमधला अर्ध्याहून जास्त शिल्लक. डब्यात नुसतं पाणी.

वर्ग बाकांवर चढला. रिद्धी चिडवत नव्हती, पण वहीत निकाल लिहून खाली दोन रेघा मारल्या तिने. काजलने डबा तिरपा करून पाहिला. मग घोंगडी छातीशी घेऊन उभी. मी काहीतरी बोलायला हवं होतं. "असं व्हायला नको होतं" एवढंच म्हणाले. कोणाला म्हणाले ते माहीत नाही.

पुस्तक चुकलं? शक्य नाही. मग काय चुकलं? 

गुरु. १३

काजल आली नाही.

शुक्र. १४

आजही नाही. वर्गात बालदिनाचे लाडू. तिचा बाजूला काढून ठेवला.

मी पुस्तकातलं वाक्य सांगून तिची बाजू घेऊ शकले असते. का नाही घेतली? डोळ्यांनी जे दिसलं त्यापुढे मला स्वतःलाच ते वाक्य पोकळ वाटलं. पाठांतराचा उपयोग इतकाच.

शनि. १५

सकाळची शाळा सुटल्यावर लाडू घेऊन वाड्यावर गेले. उसाच्या तोडलेल्या रानात दोनेकशे मेंढरं बसवलेली, तीन दगडांची चूल, कोकरं झाकायचा बांबूचा डालगा. काजल कोकरांपाशी होती. मला पाहून डालग्यामागे.

तिची आई हिराबाई, माझ्यापेक्षा लहान असेल. चहा ठेवला. सरळच म्हणाली, "बाई, गुरवारी कोकणात उतरायचं. औंदा कोकरं लई, काजललाबी न्यायची म्हणत्यात तिचं बाप. थोरलीबी सातवीतूनच शाळा सोडून आली व्हती."

"काजलला ठेवायला कोणी नाही का?"

"माझा भाऊ हाय की हितंच नारायणगावात. ठिवंल की. पण शाळंत हिचं काय व्हतं? बोलती का कवा?"

मी म्हटलं, बोलली होती, सोमवारी. सगळ्या वर्गाविरुद्ध. हिराबाई जराशी हसली. "आन् तोंडावर पडली. घोंगडीनं इज्जत घालवली आमची. मी तर चांगली ऊन दाखवून दिली व्हती."

"ऊन?"

"दुसऱ्याच्या दारात घोंगडी जायची म्हंजे झटकून, ऊन दाखवूनच द्यायची. पिसू-बिसू नको. सकाळधरनं त्या हिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर टाकली व्हती. पोरगी आली तशी वढून दिली."

मी चहा सांडला.

पत्र्यावर! काळी घोंगडी, चार-पाच तास नोव्हेंबरचं ऊन! तव्यावरून काढून थेट बर्फावर! आणि मी ती गालाला लावून म्हटलं, लोकरच ती. बुधवारच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. काजलला चुकीचं ठरवणाऱ्या पोरांची चूक मीही केली, हाताला लागलेल्या उन्हाला लोकरीची ऊब म्हटलं.

"काजल! बाहेर ये! तू बरोबर आहेस!" मी ओरडत होते. मेंढरं उठली, कुत्रं भुंकायला लागलं. हिराबाई म्हणाली, "बया, बाईंना काय झालं?"

ठरलं: सोमवारी पुन्हा. घोंगडी तोवर सावलीतच ठेवायची. आणि हिराबाईने स्वतः यायचं.

रवि. १६

घरच्या फ्रिजमधला बर्फ, कपाटातली शाल. दोन तास स्वयंपाकघरात बसून. नवरा म्हणाला, "आज जेवायला बर्फ का?" शालीतला टिकला. टिकला! पण शाल वेगळी, घोंगडी वेगळी. उद्याचं काही सांगता येत नाही. गोष्ट लिहिताना शेवट आधी कळत नाही मला, तसंच.

सोम. १७

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप नाही.

हिराबाई नवी साडी नेसून मागच्या बाकावर, लेकीच्या जागी. आधी मी वर्गाला माझी चूक सांगितली. पोरांना फार आवडलं ते, बाई चुकल्या. रिद्धी उठून म्हणाली, "म्हणजे दोन गोष्टी बदलल्या होत्या, बाई. लोकर पण आणि तापमान पण. मग निकाल धरायचाच नाही." तिने आपल्या दोन रेघा खोडल्या. हे मी शिकवलं नव्हतं.

मग तिनेच थर्मामीटर घोंगडीच्या घडीत सरकवला. खोलीइतकंच तापमान. वहीत नोंद. काजलने गुंडाळलं.

पाऊण तास. दीड तास. डिशमध्ये पाणी. हेडसरही येऊन उभे. काजलने एकेक घडी सोडवली. डब्यात बर्फ, कडा जेमतेम गोल झालेल्या.

 मग जो काही आरडाओरडा! शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या.

काजल फळ्यापाशी गेली, कुणी न सांगता. "घोंगडी गरम नसती. ती भाईरचं आत येऊ देत नाय आन् आतलं भाईर जाऊ देत नाय. बर्फाला भाईरचं लागलं नाय, म्हणून ऱ्हायला." बस. धड्याची चार पानं.

मागून हिराबाई: "मंग थंडीत ऊब लागती ती कुणाची?"

काजल म्हणाली, "आपलीच, आये. आपल्या अंगाची."

हिराबाईने स्वतःचा दंड चाचपून पाहिला. मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "म्हंजे एवढी वर्सं आमीच घोंगडीला ऊब देतोय व्हय!"

मंगळ. १८

हेडसर: हाच प्रयोग जाणार. प्रदर्शनाचं नाव पुढच्या सोमवारी चारपर्यंत कळवायचं. "पण ती मुलगी असेल का? नसेल तर रिद्धीचं द्या."

काजलच्या वडिलांशी फोनवर बोलले. पुढे घाटाआधीच्या मढ गावाकडे मुक्कामाची जागा बघायला गेलेत. शांतपणे ऐकलं. "बाई, तुमचं पटतंय. पण कोकरं माझी तुमाला दिसत न्हाईत. मढपत्तुर येऊ द्या तिला. घाट उतरायच्या आधी बघू."

बघू. या शब्दावर मी आठवडाभर कशी राहणार?

गुरु. २०

वाडा हलला. सकाळी रस्त्यावर नुसती मेंढरं, मागे घोड्यावर संसार. काजलच्या काखेत कोकरू. हिराबाई शाळेच्या फाटकाशी थांबली, घोंगडी माझ्या हातात दिली.

"थंडीचं तुम्हाला लागेल ना?"

"हाय दुसरी. ही ठिवा. आन् पत्र्यावर नका टाकू, बाई."

नारायणगावचा भाऊ सोमवारी सकाळी मोटरसायकलवर मढला येतोय, म्हणाली. काजलला आणायला की नुसतं भेटायला, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काजल वळून म्हणाली, "बाई, बर्फ सोमवारीबी आना."

सोम. २४

वर्गातच लिहितेय.

१०.३० टेम्पोवाल्याने मोठा तुकडा दिला, निकाल ऐकून स्वतः आणून दिला. रिद्धीने गुंडाळला. घडी सैल झाली, तिने तीनदा सोडली, तीनदा बांधली.

१.०० डिशमध्ये पाणी.

हिराबाईचा फोन लागत नाही. घाटाकडे रेंज नसते.

२.४० हेडसर डोकावून गेले. "पेन्सिलने तरी भरून ठेवा नाव." रिद्धी त्यांना म्हणाली, "सर, मला सगळं पाठ आहे. पण मी सांगितलं की पाठ केल्यासारखं वाटतं." सर फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून गेले.

३.२० फॉर्म भरला. काजलचं नाव. पेनाने.

३.३५ पोरं म्हणतात घोंगडी उघडून बघू. रिद्धी हात लावू देत नाही. "काजल उघडेल." मग आम्ही गाठोडंच उचलून हळूच हलवलं. सगळा वर्ग कान लावून.

टक्. टक्.

आहे अजून.

३.५० रस्त्यावर मोटरसायकल. वेग कमी झाल्यासारखा वाटतोय. पोरं सगळी खिडकीत, मला काहीच दिसत नाही, रिद्धी घोंगडी घेऊन दारात उभी आणि मी पेन खाली ठेवतेय.