अम्मीची सीट

९ जानेवारी

वाटवे सरांनी आज चहा ढवळता ढवळता विचारलं. लोणावळ्याला येता का, असं विचारावं तसं.

"जूनमध्ये स्वालबार्डला जाऊ म्हणतो. येता का?"

स्वालबार्ड! नॉर्वेच्याही वर. त्याच्या पुढे बर्फ आणि उत्तर ध्रुव, बस. कप खाली ठेवायच्या आत मी हो म्हणून बसले.

सरांचा भोसरीतला पंपांचा कारखाना आता मुलगा बघतो, त्यामुळे सर विमान बघतात. सहा आसनी, एका इंजिनाचं, आणि देवघरातल्या समईसारखं घासूनपुसून ठेवलेलं. मी फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवते, तिथून सुटले की त्यांच्याबरोबर दुसरी वैमानिक म्हणून उडते. आजवर आमची सगळ्यात लांब उडी म्हणजे अहमदाबाद.

इतक्या लांब कशाला, ते विचारलं. म्हणाले, सातवीच्या भूगोलात होतं की तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. "मास्तरांवर विश्वास ठेवून आयुष्य काढलं. एकदा खात्री करून घेतलेली बरी."

तिथे माझा सख्खा भाऊ राहतो, हे मी सरांना सांगितलं नाही. का नाही, कोण जाणे.

१० जानेवारी

दिवसभर मुलांना वळणं शिकवली. डोकं बर्फात.

१४ जानेवारी

नकाशा पलंगावर मावत नाही. एक टोक कपाटाला चिकटवलं. पुणे, अहमदाबाद, मग समुद्र ओलांडून मस्कत, आखात, तुर्कस्तान, मग युरोप तिरका कापत नॉर्वे. नॉर्वे संपला की पुन्हा समुद्र. तिथपर्यंत बोट नेलं की नकाशावर रंगच उरत नाहीत. निळं, फिकट निळं, पांढरं.

अझीमभाई त्या पांढऱ्यात असतो.

जहाजावर खानसामा म्हणून गेला होता. जहाज तिथे लागलं, आणि हा उतरला तो उतरलाच. तिथे राहायला व्हिसा लागत नाही, स्वतःचं पोट भरता आलं म्हणजे झालं. नाना पेठेत अब्बांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं, ते भाईने चालवायचं असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. अब्बा लॉकडाऊनमध्ये गेले, तेव्हा विमानंच बंद होती. भाईने दफन फोनवर पाहिलं. फोन मी धरला होता. माझा हात हलत होता, त्याला नीट काही दिसलं नसणार.

त्यानंतर अम्मी आणि तो बोललेले नाहीत. भांडण नाही. काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही, आणि आता इतके दिवस गेलेत की पहिलं वाक्य फार मोठं झालंय.

२६ जानेवारी

अम्मीला आज सांगितलं. (ती बोलते आमच्या दखनीत, मी मराठी शाळेतली, लिहिताना तिचीही मराठी होते.)

मला वाटलं होतं घाबरेल, रागावेल, नाहीतर त्याचं नाव तरी घेईल. तिने मेथी निवडता निवडता विचारलं, "सूर्य मावळतच नाही तर लोक रोजा सोडतात कधी?"

मी म्हणाले, कुणी मक्केची वेळ धरतात, कुणी जवळच्या मोठ्या शहराची. हे तिला पटलं नाही. समोर ऊन आहे आणि आपण घड्याळ बघून खजूर खायचा, हे काही खरं नाही म्हणाली.

मग उठून मोबाइल घेतला. "आज उणे अठरा आहे तिकडे."

तिच्या मोबाइलमध्ये दोन गावांचं हवामान आहे. एक पुणे. दुसरं मी आजवर कधी विचारलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

दुपारी हँगरच्या सावलीत बसून सर आणि मी नुसतं बोलत होतो. वर गेल्यावर दिसेल काय? सर म्हणाले, सावली. दिवसभर आपलीच सावली आपल्याभोवती गोल फिरणार, दमणार नाही, झोपणार नाही. मी म्हणाले, मला बर्फावर विमानाची सावली बघायचीय. इथे ती उसात हरवते, घरांवर चढते-उतरते, तुटते. तिथे अख्खी दिसेल. पांढऱ्या चादरीवर एक छोटा काळा क्रॉस, आपल्याबरोबर चाललेला, कितीतरी वेळ.

समोर धावपट्टी उन्हात पाण्यासारखी हलत होती. त्या पाण्यात एक कुत्रा शांतपणे चालत गेला.

२२ मार्च

ईदचा दुसरा दिवस. भाईचा मेसेज दरवर्षीप्रमाणे: ईद मुबारक, आणि पुढे काही नाही. मी लिहिलं, जूनमध्ये येतेय, विमान घेऊन.

तासाभराने फोटो आला. बर्फाचा डोंगर, त्याच्या खांद्यावर गुलाबी ऊन. खाली दोनच शब्द: "ये. वाट बघतो."

वाट बघतो! हे तीन झाले. दोनदा मोजले.

अम्मीला दाखवला. तिने फोटो मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला. डोंगरात ती माणूस शोधत होती.

२५ मार्च

हे जसंच्या तसं लिहून ठेवते.

अम्मी कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे पाठ. म्हणाली, "विमान सहा जणांचं आहे ना?"

"हो."

"आणि जाणार तुम्ही दोघं."

"हो."

"मग मला एक सीट दे."

ही बाई लिफ्टमध्ये डोळे मिटते! मी काही म्हणायच्या आत चादर झटकली तिने, आणि पुढचा चिमटा मागितला.

२८ मार्च

आता सरांना सगळं सांगणं भाग होतं. भाऊ, अब्बा, अम्मी, सगळं. सर विमानाच्या चाकाशी वाकून बसले होते, तसेच ऐकत राहिले. शेवटी उठले, हात पुसले.

"म्हणजे मी सूर्य बघायला चाललोय आणि तुम्ही भाऊ. बरं. इंधन दोघांना तेवढंच लागतं."

मग थोड्या वेळाने, विमानाकडे बघत: "आईंना म्हणावं सामान बेताचं आणा. लोणच्याची बरणी चालेल."

९ एप्रिल

क्लबच्या तलावात सराव. समुद्रात उतरायची वेळ आलीच तर अंगात घालायचा रबरी पोशाख आलाय. केशरी, जाड, गळ्यापर्यंत. एप्रिलचं पुण्याचं ऊन आणि आम्ही दोघं त्यात उकडत असलेले मोदक. तराफा फुगवायचा, त्यावर चढायचं, पुन्हा उतरायचं.

सरांच्या पत्नी कौशल्याकाकू काठावर छत्री घेऊन बसल्या होत्या. "यंदा अधिक महिना आहे," त्या मला म्हणाल्या. "लोक गंगेत बुडी मारून येतात. आमच्यांना आर्क्टिक लागतो."

पण सर तराफ्यावरून घसरले तेव्हा छत्री टाकून उभ्या राहिल्या. सर वर आल्यावर बसल्या. छत्री पाण्यात तरंगत राहिली.

१९ एप्रिल

आज वाईट झालं. सर विमान उतरवत होते. पट्टी अजून खाली होती आणि त्यांनी नाक वर घेतलं. विमान आदळलं, उसळलं, पुन्हा आदळलं. मी कंट्रोल हातात घेतले. कुणाला काही झालं नाही, विमानालाही नाही.

सर गाडीत जाऊन बसले. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"यापुढे उतरवायचं काम तुमचं. सगळीकडे. कमांडर तुम्हीच."

मी म्हणाले, सर, एक लँडिंग कुणाचंही बिघडतं.

"बिघडतं. पण जमीन आहे त्यापेक्षा जवळ दिसली, असं मला याआधी कधी झालं नव्हतं." आणि काच खाली करत: "मला तसाही सूर्यच बघायचाय."

घरी येऊन नकाशाकडे पाहिलं. तोच नकाशा. पण आता ती रेघ माझ्या हाताने जाणार. दोन माणसं माझ्या हातात, त्यातलं एक अम्मी.

२० एप्रिल

भीती वाटते. तरी जायचंय.

१० मे

अम्मीला आज वर नेलं! जायच्या आधी एकदा तरी बसवून बघू, असं सरच म्हणाले.

वर थंडी असते म्हणून नवे मोजे घालून आली होती. माझ्या मागच्या सीटवर बसवली, पट्टा बांधला. तिने पट्ट्याची शिवण बोटाने चाचपली. अब्बा असंच चाचपायचे, दुकानात, गिऱ्हाईकाच्या गाडीत, कुठेही.

सकाळची हवा लोण्यासारखी होती. चाकं सुटली तेव्हा मागून नुसता श्वास ऐकू आला. मांजरी गावाचा ऊस खाली आला, मधेच नव्या इमारतींचे दात, मग नदी, उन्हात पत्र्यासारखी. लोहगाव विमानतळाच्या कंट्रोलने आज चक्क थोडं आत, शहरावर, येऊ दिलं. हेडफोनमध्ये अम्मीचा आवाज आला, अगदी कानात: "आपलं घर कुठलं?"

तुरुंगाची लांब भिंत दिसते ना, म्हटलं, तिच्या अलीकडे. पंख कलवला. येरवड्याची सगळी छपरं एकदम काचेत आली. पत्रे, टाक्या, निळे प्लॅस्टिक, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेला लाल कपडा. तिला घर सापडलं की नाही माहीत नाही. पण एक हिरवा तुकडा तिने स्वतः शोधला. कडुनिंबांचा.

"तिथे तुझे अब्बा."

मी त्यावरून एक पूर्ण फेरी घेतली. हळू. मग आणखी एक. सरांनी फक्त उंची बघितली. मागे वळून पाहिलं तर अम्मीने कपाळ काचेला टेकवलं होतं आणि तोंड किंचित उघडं, लहान मुलं झोपेत ठेवतात तसं. रडत असेल वाटलं. नव्हती. ती बघत होती. इतकं मन लावून बघताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती कायम कशाकडे तरी लक्ष ठेवून असते, बघत नसते.

खाली उतरल्यावर सरांनी विचारलं, आबेदाताई, त्रास नाही ना झाला?

अम्मीने ओढणी नीट केली. "परत कधी?" म्हणाली.

११ मे

सकाळी पोळ्या लाटताना अम्मी थांबली. तव्यावरची पोळी करपली. ती खिडकीतून वर बघत होती. विमान-बिमान काही नव्हतं. नुसतं आकाश.

२३ मे

अम्मीचा वाटेतल्या युरोपसाठीचा व्हिसा आला. भाईला कळवलं: अम्मीपण येतेय माझ्याबरोबर, आमच्याच विमानातून. आता तरी तो तिला फोन करेल, असं मनात होतं.

उत्तर संध्याकाळी आलं. "अम्मीला आणू नकोस."

एवढंच. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. बंद.

२४ मे

अम्मी विचारत होती, भाई काय म्हणाला. कामात आहे म्हटलं.

इतका राग आलाय! इतकी वर्षं ती एका गावाचं हवामान बघत राहिली. आता गरम कपडे शिवून घेतलेत, लोकरीची टोपी घेतलीय, मोजे घडी करून ठेवलेत. आणि हा म्हणतो आणू नकोस. कशाला घाबरतो? आईला?

१ जून

तिथल्या विमानतळाची परवानगी आली. आपण हरवलो तर शोधायच्या खर्चाचा विमा लागतो, तोही झाला. सरांनी पेढे वाटले, हँगरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांना. मी माझा पेढा कागदात गुंडाळून ठेवला.

सरांना भाईचा मेसेज दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "यात 'का' लिहिलेलं नाही. ते तुम्ही घातलंत."

अम्मीला सांगा म्हणाले. तिची सीट, ती ठरवेल.

४ जून

सांगितलं. अम्मीने मेसेज स्वतः वाचला, मोबाइल लांब धरून. बराच वेळ. मला वाटलं आता टोपी कपाटात जाणार.

"त्याला भेटायचं नसेल तर नको भेटू दे," ती म्हणाली. "तो बर्फ काय त्याच्या एकट्याचा आहे?"

८ जून

बारा तारखेला सकाळी निघायचं. हवामान बघून नक्की. काल स्वप्नात मी एकटीच उडत होते आणि खाली सगळं पांढरं, आणि आवाज नव्हता. इंजिन बंद नव्हतं. फक्त आवाज नव्हता. घाबरले नाही. उठल्यावर बराच वेळ तसंच पडून राहिले, ते जाऊ नये म्हणून.

१० जून

दुपारी बेल वाजली. दार मी उघडलं. दारात भाई. दाढी पिकलेली, पाठीवर भलीमोठी सॅक, पुण्याच्या उन्हात जाड बूट.

माझ्याकडे बघितलंच नाही त्याने. सरळ आत, अम्मीसमोर जाऊन बसला, जमिनीवर. म्हणाला, तिथल्या बचावबोटीवर जातो मी, त्या पाण्यातून माणसं काढलीयेत, एका इंजिनावर तुला मी त्याच्यावरून येऊ देणार नाही. फोनवर सांगून तू ऐकली नसतीस, म्हणून आलो. बोलताना आवाज फाटला त्याचा.

अम्मीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग सॅककडे पाहिलं.

"बॅग उघडू नकोस," म्हणाली. "परवा निघायचंय."