आईच्या धालोतल्या रिकाम्या ओळी

४ डिसेंबर
पाळी गावाहून शेवंतीमावशीचा फोन. आईची जुनी मैत्रीण. पौषात गावच्या मांडावर, त्या राखलेल्या अंगणात, परत धालो खेळायचे म्हणतात, कित्येक वर्षांनी; बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, गात-नाचत. गाणी कोणाला पुरी येत नाहीत. "तुज्या आवयचीं गाणीं तुजेकडेन आसत मगो?"
आहेत. आई जायच्या आधी वहीत उतरवलेली. माझं अक्षर चौथीतल्या पोराचं, मलाच लागत नाही. सुनेला म्हटलं, कॉम्प्युटरवर घाल. नेहा म्हणते, तुम्हीच घाला, मी शिकवते. शहाणी.

७ डिसें.
एक्सएमएल म्हणे, मजकुराला खुणा घालायची रीत. टोकदार कंसात प्रत्येक भागाचं नाव. धालोच्या पोटात गाणं, गाण्याच्या पोटात ओळ. उघडलं ते बंद करायचंच. घरातल्यांनी फ्रिजचं दार एवढं सांभाळलं असतं तर!

१३ डिसें.
फजिती. कॉम्प्युटरकडे सगळी गाणी मागितली, तर काही दोनदा आली.
नेहा: "आई, तुम्ही गाण्यात गाणं घातलंय."
मग? तसंच आहे ते! एक रांग मध्येच थांबते, समोरची आपलं गाणं म्हणते, मग पहिली पुढे.
नेहाने मागणी परत तपासली. मग म्हणाली, चूक माझी. मागताना दोन तिरक्या रेघा दिल्या की कितीही खोलातलं गाणं वेगळंही उचलून येतं, म्हणून दोनदा. वरपासून एकेक रेघ देत वाट सांगितली, तर धालोच्या थेट पोटातलं तेवढंच. केलं. आतली आत राहिली.

१६ डिसें.
काही ओळी रिकाम्या. आईला शेवटी दम लागायचा, आठवायचं नाही. कुठे कुठे, ते वहीत शोधत अर्धा दिवस घालवला. नेहा: "अहो, रिकाम्याच मागा ना." चौकोनी कंसात अट घातली. तीन आल्या. फक्त तीन! मला वाटलं होतं निम्मं गेलं.
डोळे पुसले, भात लावला.

२० डिसें.
पाळीला जाऊन आले. मावशीला त्या तीन जागांच्या आधीच्या ओळी वाचून दाखवल्या. दोन धडाधड म्हणाली. तिसरी, शेवटच्या गाण्याची शेवटची, येईना. ती म्हटल्याशिवाय आई धालो पुरे झाले म्हणायची नाही. मी डाफरले, "आठव गो मावशे!" ती हसते कसली!
"खुर्चेर बसून खंय येतली? मांडार पाय पडले की आपशींच येतली." आपोआप, म्हणे!

२२ डिसें.
छापून पाठवलं. नेहा विचारत होती, रिकामी ओळ काढू? म्हटलं, हात लावशील तर बघ. दोन्ही रांगांना बायका मिळाल्यात. मी समोरच्या रांगेत, मावशीच्या तोंडाकडे बघत उभी राहणार.