पाय घसरला आणि भट्टी सापडली

प्रिय आई,
वाकून नमस्कार सध्या जमत नाही, बसूनच करते.

पाय मुरगळलाय, मोडलेला नाही. हे आधी सांगितलं, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

दोन महिने आम्ही जंगल पालथं घातलं, पण लोखंडाच्या जुन्या भट्ट्यांचा मागमूस नव्हता. शनिवारी काम गुंडाळायचं ठरलं होतं. गुरुवारी मी पाचोळ्याने भरलेल्या खड्ड्यात धपकन पडले. उठायला हात टेकला, तर खाली काळी, जड, भोकाभोकांची ढेकळं. लोखंड गाळताना असाच मळ निघतो. शेजारी भाजलेल्या मातीची गोल भिंत.

मला उचलायला आमचे सर धावत आले आणि भट्टी बघून मला विसरलेच. आठवण झाली तेव्हा मीच म्हणाले, "आधी मापं घ्या, मी बसलेय."

आता पाय उशीवर ठेवून भट्टीचं चित्र काढतेय. स्वयंपाकीणबाई दोन वेळा शेक देतात.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला दादा रजा घेतोय ना? वहिनीला विचारून कळव, तो नुसता हो हो म्हणतो.

कारण कामाला आणखी दोन महिने मिळालेत, आई. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे नसेन. हे सांगायचा धीर होईना, म्हणून पायापासून सुरुवात केली. रागावलीस तर सविस्तर लिही.

तुझी धांदरट लेक