खळीच्या कापडावरचा डाग

मंगळवार, १४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. माहेरी सगळे बरे असतील, तुम्हीही असाल. इकडे स्वयंपाकघरातला नळ पुन्हा ठिबकतोय. दादाने दोन पातेली करपवली आणि एक माझ्याकडे दुकानात द्यायला निघाला होता. मी कपड्यांचे डाग काढते, भांड्यांचे नव्हे, असं त्याला ठणकावून सांगितलं. वहिनी कुठे गेल्यात म्हणून शेजारी विचारतात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर माझीच वाचा बसेल. म्हणून हे पत्र.

आईच्या खुर्चीचं कव्हर परवा दुकानात नेलं. तिने स्वतः कशिदा काढलेलं पांढरं कव्हर, आई गेल्यापासून दर महिन्याला मी कडक खळ देऊन चढवते ते. त्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग. अकरा वर्षं मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डागांच्या टेबलाशी उभी आहे. चहा, रक्त, ग्रीस, काहीही असो, नुसतं बघून सांगते. म्हणून तर त्या दिवशी मावशींसमोर एवढ्या तोऱ्यात बोलले, की शाळेच्या वह्या तपासताना बाईसाहेबांनी शाई सांडली आणि वर तोंडातून अक्षर काढत नाहीत. पुढचं लिहवत नाही. पण लिहायलाच हवं. "आईच्या वस्तूला हात लावायची तुमची लायकी नाही," असं मी म्हणाले. तुम्ही एकदा बाबांकडे बघितलंत आणि मान खाली घातलीत. मला वाटलं, चोरी पकडली गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही माहेरी निघून गेलात.

शाईवरचे सगळे उपाय केले. दूध झालं, स्पिरिट झालं. डाग ढिम्म. आमचे इस्त्रीवाले काका बघत होते.

"खळ कुणी घातली होती?"

"मीच. का?"

"मग शाई कशावरून? जखमेवर लावायचं आयोडीन खळीवर पडलं की अस्संच होतं. थांब जरा."

चहात पिळायला आणलेलं लिंबू त्यांनी डागावर पिळलं.

वहिनी, काय सांगू! डाग माझ्या डोळ्यांदेखत विरला. घासणं नाही, चोळणं नाही. रस पोचेल तिथे कापड पांढरंशुभ्र होत गेलं आणि आईचे टाके एकेक करून वर आले. नकळत मी हात जोडले. कुणाला, ते माझं मलाच कळलं नाही.

मग डोक्यात आलं, आपल्या घरात जखम कुणाला झाली?

घरी येऊन बाबांना म्हटलं, "पाय दाखवा." आढेवेढे घेत त्यांनी पायजमा वर केला. गुडघ्याखाली पट्टी, जखम सुकत आलेली.

"सायकलवरून पडलो गं. आता पडलात तर सायकल विकून टाकीन, म्हणाला होता ना दादा? सूनबाईच रोज औषध लावायची. त्या खुर्चीत बसवून लावताना बाटली कलंडली."

"आणि मी वहिनींना एवढं बोलले तेव्हा गप्प का बसलात?"

"सांगणारच होतो. तिनेच डोळ्यांनी गप्प केलं. नंतर म्हणाली, बाबा, बोलणी मी विसरेन, पण सायकल गेली तर तुम्ही घरात बसून म्हातारे व्हाल."

हे सांगताना बाबा रडले. एवढं मोठं मन माझ्या शेजारी बसून रोज जेवत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तुमच्याकडे नुसतं बघत बसावं असं वाटतंय, आणि तुम्ही इथे नाही.

बाबांनी दादाला स्वतःच सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग त्यानेच बाबांची पट्टी बदलली. सायकल राहिली, फक्त मोठ्या रस्त्यावर न्यायची नाही.

रविवारी सकाळी मी तुमच्या माहेरी येतेय. मावशींनाही आणतेय. ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोरच, आणि तुमच्या आईवडिलांच्या देखत, मला ते शब्द परत घ्यायचेत. त्यानंतर तुम्ही दार लावून घेतलंत तरी माझी तक्रार नाही. मी घरी परतेन आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघेन.

वयाने तुमच्याहून मोठी, बाकी सगळ्यात लहान,
तुमची नणंद