बहिणी तेवढ्या आया

अ‍ॅडलेड, ३ मार्च १९९१

श्रीमती विनी यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी लेस्टर. ज्या बाईंनी मला जन्म दिला त्या तिकडे उत्तरेत, कॅथरिन गावी वारल्या. मृत्युपत्र नाही, त्यामुळे मुलगा म्हणून नदीकाठचं घर माझ्या एकट्याच्या नावे होईल, असं कचेरीतून कळलं. मी लहान असताना सरकारी माणसांनी, आदिवासींची पोरं गोऱ्यांत वाढवायला नेत तसं, मला मोटारीत घालून नेलं. त्यानंतर आमची भेट नाही. त्या घरात आपण आणि एक वृद्ध मावशी राहता असं समजतं. घर विकण्याचा विचार आहे, घाई करणार नाही. त्यांचा फोटो असल्यास पाठवावा. त्यांना घरात काय म्हणून हाक मारत, तेही कळवावं.

लोभ मागण्याइतका परिचय नाही. राग मात्र नसावा.

लेस्टर

कॅथरिन, २४ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

पाकिटावरचं तुझं नाव शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतलं. आपल्यात बहीण भावाचं नाव घेत नाही. गेलेल्या माणसाचंही घेत नाहीत, म्हणून थोरल्या आईचं विचारू नकोस. फोटो गुंडाळून ठेवलाय. दुःख निवळलं की देईन.

आणि मावशी कोण रे? तसा शब्दच नाही आपल्याकडे. कचेरीतल्या बाईंनीही विचारलं, म्हणजे तुमची मावशी वारली ना? म्हटलं, नाही, आई. मग घरी आहेत त्या? म्हटलं, त्याही आई. त्या वैतागल्या, माणसाला आया असतात तरी किती? म्हटलं, बहिणी असतील तेवढ्या. मग म्हणाल्या, तुमच्या रीतीप्रमाणे तुम्हालाही हक्क मागता येतो, अर्ज करा. पण भावाविरुद्ध अर्ज? हात धजेना.

गेलेलीचा जीव मोकळा व्हावा म्हणून घराला ओल्या पानांचा धूर दिलाय. धाकटी आई अजून आत जात नाही, आंब्याखाली झोपते. तिला स्वप्न पडतं: नदी अंगणापर्यंत आलीय, पाण्यावर कमळं, आणि त्यांतून एक मूल पाय न भिजवता चालत येतंय. म्हणते, थोरलीनं पाठवलंय. घर वीक हवं तर, पण आधी ये.

मायेला अंतर देऊ नये.

तुझी बहीण

अ‍ॅडलेड, १९ जून

प्रिय विनी,
स. न.

तुमच्याकडून सुखरूप परत पोचलो. तुमच्या आईंनी मला पाहताच काखेतला घाम माझ्या कपाळाला, छातीला फासला. नदीचं पाणी तोंडात घेऊन डोक्यावर फवारलं आणि नदीकडे बघून ओरडल्या. शेजारी म्हणाले, नदीला सांगतायत, हा आमचा आहे, ओढू नकोस. दुपारी त्यांच्या मांडीवर झोपलो, पन्नाशीचा माणूस! त्या गुणगुणत होत्या. शब्द एकही कळला नाही, पण पुढचा सूर मला आधीच ठाऊक होता.

पण तू? ताट ठेवलंस आणि पाठ फिरवलीस. एक शब्द नाही. नको होतो, तर बोलावलंस कशाला?

लेस्टर

कॅथरिन, २ जुलै

ती. दादास, शि. सा. न.

अरे वेड्या! मोठ्या झालेल्या बहिणीनं भावासमोर तोंड करून बसायचं नसतं. पाठ फिरवली तो तुझा मान होता. आई म्हणते, तिकडच्या थंडीत पोराची अक्कल गोठलीय. माशाच्या पोटाचा तुकडा तुझ्या ताटात काय आपोआप आला? मी तुला पाहिलं नाही, ऐकलं मात्र. तू थोरल्या आईसारखा हसतोस, शेवटी श्वास आत ओढत.

घराबद्दल तू बोलला नाहीस. आईनं विचारलं नाही, मीही विचारत नाही.

आमच्यावर जीव असू दे.

तुझी बहीण

अ‍ॅडलेड, २१ जुलै

चि. बहिणीस, अ. आ.

काल कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, सही करा, घर तुमचं. म्हटलं, नको, आमच्या रीतीनं वाटणी करायचा अर्ज द्या. त्यांनी समजावलं, घर हातचं जाईल. मग हळू आवाजात विचारलं, आई वारल्या ना तुमच्या?

म्हणालो, थोरली गेली. माझी आई आहे, धाकटी. घर तिचं आहे.

माझी आई आहे, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. साहेब लिहायचे थांबले. मग मी ते पुन्हा एकदा म्हटलं.

इकडची माया तुम्हा दोघींपाशीच आहे, सांभाळा.

तुझा दादा