फितूर कोण?

सोमवार, ३ फेब्रुवारी

तीन दिवसांत दोन किलो आठशे ग्रॅम वाढलं! काट्यावर उभा राहिलो आणि सिस्टरने असं बघितलं की विचारू नका. "शुक्रवारपासून किती पाणी प्यायलात?" म्हटलं, मोजून प्यायलो. "कशाने मोजून? बादलीने?" शेजारच्या खुर्चीत काकू खुदकन हसल्या. मग दंडात दोन जाड सुया आणि चार तास डायलिसिसचं मशीन. शेवटच्या तासाला पोटरीत गोळे आले. यायचेच होते.

पण सोमवार बरा जातो. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर 'बेडी' मालिका लागते आणि सोमवारी मशीनवरच्या आम्हा चौघांना – काकू, मास्तर, ड्रायव्हर आणि मी – ती पुरते. आखाड्यात एकमेकांना मारायला पाळलेले ते गुलाम – पहारेकरी कापून पळाले, आता डोंगरावर तळ ठोकून बसलेत. त्यांची परदेशी नावं आमच्यापैकी कोणालाच उच्चारता येत नाहीत, म्हणून आम्ही आपली पाडली. टकल्या म्हणजे म्होरक्या. जाळी फेकून लढतो तो जाळीवाला. मलमपट्टी करतो तो लंगडा वैद्य. आणि तळावरची स्वैपाकीण.

काल सैन्य थेट मागच्या पायवाटेने वर आलं! ती वाट फक्त आतल्यांना माहीत होती. म्हणजे कोणीतरी फितूर आहे. ड्रायव्हर म्हणाला जाळीवाला. मास्तर म्हणाले, "पुरावा पुरेसा नाही." (नऊ वर्षं मशीनवर आहेत आणि अजून वर्गात शिकवल्यासारखं बोलतात. पुरावे लिहायला वही ठेवलीय!) मी म्हटलं, डोळे झाकून सांगतो – स्वैपाकीण. सदा खाली मान, तोंडातून शब्द नाही. अशी माणसं आतल्या गाठीची असतात.

"बाई गप्प बसली की लगेच फितूर का हो?" काकू म्हणाल्या. काकूंनी पुढचे भाग भाच्याच्या फोनवर बघून टाकलेत असा माझा दाट संशय आहे. पण विचारायची सोय नाही. आमचा नियमच आहे – पुढचं सांगायचं नाही. ज्याने बघितलं नाही त्याच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही. ड्रायव्हर एकदा दवाखान्यात भरती होता, तर त्याच्यासाठी आम्ही तिघे दोन आठवडे तोंड शिवून बसलो होतो.

एक गोष्ट मात्र आज त्यांना सांगून टाकली. धाकट्याचे सगळे रिपोर्ट चांगले आले. पाच मार्चला ऑपरेशन. माझा भाऊ मला किडनी देतोय! ड्रायव्हरने मोकळ्या हाताने सलाम ठोकला. मास्तरांनी चष्मा पुसला, बराच वेळ.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दोन किलो शंभर. शाबासकी मिळाली. अजून अठ्ठावीस दिवस.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

धाकटा वॉर्डात आला होता. बरोबर त्याची बायको. धाकटा दारातूनच ओरडला, "काय दादा, तुझा स्पेअर पार्ट साफ करून ठेवलाय, कधी नेतोस?" सगळा वॉर्ड हसला. लहानपणापासून असाच. कुठेही गेला की दोन मिनिटांत सगळे त्याचे.

ती मात्र माझ्या पायाशी उभी. नळीतून रक्त जातं-येतं, तिकडे घारे डोळे लावून बघत होती. पंधरा मिनिटांत एक अक्षर नाही. ना बरे आहात का, ना काही. मी चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं काचा घासतो, हजारो डोळे बघितलेत, पण या घारीच्या – मनात मी तिला घारीच म्हणतो – डोळ्यांतलं मला कधी कळलं नाही. निघताना फक्त सिस्टरला काहीतरी विचारलं. काय विचारलं म्हणून मी सिस्टरला छेडलं. "ऑपरेशननंतर देणाऱ्याला किती दिवस घरी बसावं लागतं ते विचारत होत्या."

बघा! हिशेब सुरू झाला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नवरा आहे तिचा. विचारणारच." बायकोला स्वतःची किडनी देता येत नाही, तिला साखरेचा आजार. त्याचं तिला इतकं लागलंय की धाकट्याच्या घरच्यांबद्दल ती वाईट ऐकूनच घेत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाग बरा होता. जाळीवाला मेला! ड्रायव्हरचा संशयित गेला. धाकट्याला फोन केला, उचलला नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

ड्रायव्हर आलाच नाही. त्याची चेष्टा करायची म्हणून मी वाटेत वाक्यं जुळवत आलो होतो. मास्तरांनी वहीत जाळीवाल्याच्या नावावर काट मारली आणि म्हणाले, "थांबा, त्याने बघितला नसेल तर? नियम आहे." मग जुनेच भाग उगाळत बसलो. काकू अधूनमधून ड्रायव्हरच्या खुर्चीकडे बघत होत्या. सिस्टरने दोनदा त्याच्या घरी फोन लावला.

धाकट्याचा फोन बंद.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुकानात होतो. दवाखान्यातल्या बाईंचा फोन – त्या किडनीच्या ऑपरेशनची कागदपत्रं बघतात. "तुमच्या भावाच्या तपासणीत काही गोष्टी नीट दिसत नाहीत. ते दाता म्हणून चालणार नाहीत." कसल्या गोष्टी? मागच्या आठवड्यापर्यंत तर सगळं चांगलं होतं! "ते खासगी असतं, सांगता येत नाही." मी ओरडलो. गिऱ्हाईक उठून गेलं. हातातली काच फुटली.

त्याच्या घरी फोन केला. घारीने उचलला. "ते बाहेर गेलेत." कधी येणार? "सांगता येत नाही, दादा." इतकंच! ना अरेरे, ना वाईट वाटलं. माझं काय होणार, हे विचारायचीही तसदी नाही.

घरी येऊन आडवा झालो. बायको शेजारी बसून राहिली आणि मी तिच्यासमोर पोरासारखा रडलो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ड्रायव्हर गेला. रविवारीच. शनिवारी घरात कार्य होतं, पाहुण्यांबरोबर पोटभर प्यायला – साधं पाणीच हो! – आणि फुप्फुसात पाणी भरलं. पन्नाशीही नव्हती. त्याच्या खुर्चीत आज एक नवी मुलगी बसलीय. सुई टोचताना आईचा हात धरते.

मास्तर म्हणाले, "जाळीवाला गेल्याचं त्याला कळलंच नाही."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज न राहवून सांगितलं दोघांना. धाकट्याच्या तपासणीत खोट निघाली म्हणून.

मास्तरांनी वही मिटली. म्हणाले, "तुम्हाला एक सांगतो, रागावू नका. देणारा माणूस ऐन वेळी मागे फिरला, तर दवाखाना कधीच तसं सांगत नाही. रिपोर्टवर ढकलतात. घर फुटू नये म्हणून ही रीत आहे. माझ्या मुलाच्या वेळी मला असाच फोन आला होता. मी खरं मानलं. तीन वर्षांनी त्यानेच रडत सांगितलं." मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? "काय करणार? पाठीवरून हात फिरवला."

माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. धाकटा मागे फिरणाऱ्यातला नव्हे! शाळेत माझ्यासाठी मार खाल्लेला माणूस आहे तो. त्याला कोणीतरी फिरवला. कोणी, ते सांगायला वही नको. किती दिवस घरी बसावं लागतं, हे विचारणारी कोण होती?

"काकू, तुम्हीच सांगा," म्हटलं. काकूंनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघून मिटलं. "नको हो. पुढचं सांगायचं नाही, असं आपलं ठरलंय ना." ही काय वेळ आहे थट्टेची? पण त्या हसत नव्हत्या. मी आपला खिडकीकडे तोंड करून पडून राहिलो.

रविवार, १६ फेब्रुवारी

स्वैपाकीण!!! मी म्हटलं नव्हतं? पहिल्या दिवसापासून म्हणतोय! तिनेच पिठाच्या पोत्यात निरोप शिवून खाली पाठवला. टकल्याने तिला सगळ्यांसमोर उभी केली, तर तशीच खाली मान. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. बायको म्हणाली, "अहो, बसा, चक्कर येईल."

कसला बसतोय! तसाच फोन उचलला. धाकट्याचा बंदच. मग घारीला लावला. सगळं सुनावलं. म्हटलं, तू गप्प राहून कापतेस. माझा भाऊ होता तो, त्याला तू खाल्लंस. मी मेलो की तुझ्या मनासारखं होईल. या घरात आलीस त्या दिवसापासून तुला माझं काही सोसलं नाही. आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही.

ती ऐकत होती. श्वास ऐकू येत होता. मी थांबल्यावर म्हणाली, "दादा, आज पाणी जास्त पिऊ नका. उद्या त्रास होईल." आणि फोन ठेवला.

निगरगट्ट! पण मला कसं हलकं वाटतंय. पाच दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. बायको दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पैज जिंकल्याच्या ऐटीत गेलो. मास्तरांनी वहीत लिहिलं – स्वैपाकीण – आणि हात जोडले. मग मी फोनचंही सांगितलं. सगळं, शब्दन्‌शब्द. वाटलं, म्हणतील बरं केलंत.

मास्तर म्हणाले, "मालिकेतली बाई फितूर निघाली ती लिहिणाऱ्याने तसं लिहिलं म्हणून. यात तुमच्या भावजयीचा काय संबंध?"

काकू तर पांढऱ्याफटक पडल्या. "काय बोलून बसलात हो! काय बोलून बसलात!" त्यांच्या मशीनचा भोंगा वाजला, सिस्टर धावली, रक्तदाब खाली गेला होता. पाय वर केले तेव्हा कुठे ताळ्यावर आल्या. मग चार तास माझ्याकडे पाठ. निघताना म्हणाल्या, "नियम मोडायला हवा होता मी. शुक्रवारीच मोडायला हवा होता." म्हणजे काय, विचारलं. त्यांचा मुलगा चाकाची खुर्ची घेऊन आला आणि ते राहिलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

हात गेला. सकाळी उठून दंडावर बोट ठेवलं, रक्ताची रोजची घरघर नाही. मशीनच्या सुयांसाठी जोडून केलेली शीर गुठळीने बंद. डावा दोन वर्षांपूर्वीच संपला होता, आता उजवाही. मानेत नळी घातली. भूल जेमतेम चढली होती, सगळं कळत होतं. डॉक्टर म्हणाले, "ही नळी फार दिवस ठेवता येत नाही, जंतू होतात. किडनीचं काही होतंय का बघा."

बघा म्हणे! कुठे बघू?

गुरुवार, २० फेब्रुवारी

ताप १०२. लिहवत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

भरती आहे. ताप उतरला. बायकोला कपाटाच्या किल्ल्या कुठे, विम्याचे कागद कुठे, ते सांगितलं. तिने हूं हूं केलं. धाकटा आला नाही. आता राग पण येत नाही. लहान असताना विहिरीत पोहायला ढकललं होतं मी त्याला, तेव्हा काठाला धरून असाच गप्प झाला होता. तेव्हा आई म्हणाली होती, त्याला भीती वाटते पण तो सांगत नाही. मी विसरूनच गेलो होतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चाकाच्या खुर्चीतून कागदपत्रांच्या बाईंकडे नेलं. आत घारी बसली होती. हातावर रक्त काढल्याचे कापूस चिकटवलेले, तीन ठिकाणी. बाई म्हणाल्या, यांचा रक्तगट तुमच्याशी जुळला, बाकीचंही जुळलं, अवयवदानाच्या समितीने होकार दिला की तारीख मिळेल. बारा तारखेपासून येतायत या तपासण्यांना. मग कळलं, काकूंनी तिला रक्त तपासणीच्या रांगेत बघितलं होतं. तिनेच त्यांच्याकडून कोणाला न सांगायचं वचन घेतलं होतं.

म्हणजे त्या रविवारी मी फोन केला तेव्हाही तिच्या निम्म्या तपासण्या झालेल्या होत्या.

"त्यांना काही म्हणू नका, दादा," ती म्हणाली. "ते घाबरतात. तुम्हाला सांगायची लाज वाटली त्यांना."

बाईंनी माझ्यासमोर फॉर्म ठेवला आणि विचारलं, या तुमच्या कोण? माझ्या तोंडून शब्द फुटेना. फोनवर कसे भराभर फुटत होते!